येऊन राहिलं, का राहून राहिलं?

रविवार, ९ जून. सकाळी साडेदहा. स्थळ : तळघराचा उतार, कारण तळघरात पाणी होतं.

हजर : अध्यक्ष लालवानीजी, मी (सेक्रेटरी), पहिल्या मजल्यावरच्या देशमुख वहिनी, दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या शेजारच्या बाई. एकूण सात.

वरून हजर : श्री. महादेवराव भोयर, चौथा मजला, मोबाइलच्या स्पीकरवर.

"वरून हजर" असा प्रकार सोसायटीच्या नियमांत नाही. पण कोरमला आठ माणसं लागत होती आणि आठवा माणूस खाली येऊ शकत नव्हता, म्हणून मी रजिस्टरमध्ये तसं लिहिलं. आमच्या इमारतीत सोळा फ्लॅट, चार मजले, खाली तळघरात पार्किंग. मेच्या अखेरीस तळघरात पाणी दिसू लागलं, लिफ्टच्या खड्ड्यात भरलं, आणि लिफ्ट कंपनीचा माणूस मेन स्विचला कुलूप लावून चावी घेऊन गेला. खड्डा कोरडा होईपर्यंत लिफ्ट नाही. पंधरा घरांची ही गैरसोय होती. सोळाव्या घरातल्या महादेवरावांचा एक खुबा बदललेला, दोन्ही गुडघे गेलेले, आणि दारापासून गेटपर्यंत बहात्तर पायऱ्या. ते अडकले.

त्या सभेत मी फोन हातात धरून उभी होते. फोनमधून आणि चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एकदमच खरखरीत आवाज आला, "मॅडम, पूर्वेच्या भिंतीतून पाणी येऊन राहिलं. लिहून घ्या." लिफ्ट बंद व्हायच्या आदल्या दिवशी ते स्वतः खाली जाऊन भिंत बघून आले होते. मी लिहून घेतलं. मुद्दा क्रमांक चार : "श्री. भोयर यांच्या म्हणण्यानुसार पूर्वेच्या भिंतीपाशी पाणी येऊन साचून राहते." मी साताऱ्याहून बदली होऊन नागपूरला आले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. सभेत लोक कसंही बोलले तरी इतिवृत्त नीट मराठीत असावं, असा माझा आग्रह होता.

महादेवरावांना सगळी इमारत काकाजी म्हणायची. चौतीस वर्षं ते कोराडीच्या पॉवर स्टेशनात पंप हाउसवर होते. जमिनीखाली दोन मजले उतरायचं, आणि तिथे झिरपून आलेलं पाणी दिवसभर बाहेर फेकायचं, हे काम. दर तासाला पाण्याची पातळी वहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम चौथ्या मजल्यावर घर घेतलं. "पाण्याले म्हटलं, आता ये वर," असं ते सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पाणी वर आलं नाही. ते खालीच थांबलं आणि त्यांना वर ठेवलं.

वहीची सवय सुटली नव्हती. नळ किती वाजता आला, किती वाजता गेला, कुकरच्या शिट्ट्या किती, दूधवाला किती मिनिटं उशिरा, सगळं एका लांब वहीत. काकू म्हणायच्या, "यांनी जन्मभर माझ्यापेक्षा पंपाचं जास्त ऐकलं. पंप बिघडला तं रात्री उठत, मी खोकली तं कूस बदलत." सदऱ्याच्या खिशात पेन्सिलीएवढा टॉर्च कायम. चौथ्या मजल्यावर भर दुपारी त्या टॉर्चचा काय उपयोग, ते त्यांना कोणी विचारलं नाही.

रोज सकाळी सहाला ते धुतलेला सदरा घालून, काठी टेकत दाराबाहेर यायचे आणि लिफ्टचं बटण दाबायचे. लिफ्ट बंद आहे हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. बटण दाबून मिनिटभर थांबायचे, कान देऊन, आणि परत घरात. काकू आतून म्हणायच्या, "झाला लिफ्टले नमस्कार?" मी एकदा विचारलं, रोज कशासाठी? ते म्हणाले, "टेस्टिंग. मशीनले वाटाले नको का माणूस मेला."

खाली उचलून न्यायची तयारी अनेकांनी दाखवली. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ दणकट, वॉचमनही तयार. काकाजींनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "माणसाले चार जण उचलून नेतात थे एकदाच. माझी पाळी आली का?" मग डॉक्टर वर यायचे, न्हावी वर यायचा, भाजी दोरीने वर यायची. दोरीला त्यांनी कोराडीहून आणलेली छोटी कप्पी लावली होती, आणि वायरची पिशवी कधी तिरपी होऊन त्यातला टोमॅटो पडला नाही.

खालचं जग बघायला त्यांना माझे डोळे होते. त्यांची जुनी स्कूटर तळघरात पूर्वेच्या भिंतीशी उभी होती. खुबा बदलल्यापासून ती चालवणं बंद होतं, आणि विकायचा विषयही बंद होता. तीच त्यांची मोजपट्टी. सकाळी सातला फोन यायचा, "मॅडम, आज स्कूटर कुठवर?" मी ऑफिसला निघण्याआधी उतारावरून टॉर्च मारून बघायची आणि सांगायची. टायर, रिम, नट, सायलेन्सर अशा चार खुणा ठरल्या होत्या. मला याद्यांची आवड आहेच. मी रजिस्टरच्या मागच्या पानांवर तारीखवार रकाने आखले.

जुलैत एका रविवारी मी खाली जाऊन बघून आले, चार मजले चढले आणि धापा टाकत म्हणाले, "पाणी आहे. रिमपर्यंत."

"पाणी हाये हे मले गॅलरीत वासानं समजते. येऊन राहिलं का राहून राहिलं, थे सांगा."

"म्हणजे?"

ते काकूंकडे वळले. "हे पाह्य. सेक्रेटरी हाये, पण मराठी समजत नाही."

काकूंनी मला पाणी दिलं आणि समजावलं. "येऊन राहिलं म्हणजे आत्ताही येणं चालू हाये. राहून राहिलं म्हणजे यायचं थांबलं, नुसतं पडून हाये. आमच्याकडे सारंच राहते मॅडम. जेवून राहिलो, झोपून राहिलो, भांडून राहिलो."

"आन् मी?" काकाजी म्हणाले. "मी काय करून राहिलो? राहून राहिलो."

हा प्रश्न मग त्यांनी मला प्रत्येक गोष्टीला लावून दाखवला. देशमुख वहिनींचे जावई दिवाळीला आले आणि पंधरा दिवस झाले तरी हलले नाहीत, तेव्हा वरून विचारणा झाली, "जावई येऊन राहिले का राहून राहिले?" वहिनी खाली तुळशीपाशी उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या की जावई बाहेर बघायला आले. पण पाण्याच्या बाबतीत हा विनोद नव्हता. येणारं पाणी आणि राहिलेलं पाणी यांची औषधं वेगळी. राहिलेल्याला वाट काढून द्यायची. येणाऱ्याचं मूळ शोधायचं. पंप हाउसमध्ये नवीन माणसाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवत असत.

ठेकेदार जुलैतच ठरला होता. बाहेरगावचा, कामसू, वेळ पाळणारा माणूस. मी त्याला सभेचं इतिवृत्त पाठवलं, म्हणजे दहा जणांकडून दहा गोष्टी ऐकायला नकोत. काकाजींनी वरून विचारलं, "मी सांगतलेलं त्याले दिलं ना?" मी म्हणाले, "लेखी दिलंय काकाजी." इतिवृत्ताची प्रत त्यांच्याकडेही गेली होती. त्यांनी ती वाचली नाही. त्यांचंच बोलणं, त्यात वाचायचं काय?

ठेकेदाराने भर पावसात तळघर पाहिलं. उतारावरून पाणी आत येतंच होतं. त्याने उताराच्या तोंडाशी जाळी आणि गटार केलं, तळघर उपसलं, पूर्वेच्या भिंतीला आतून पांढरं कोटिंग दिलं. काम स्वच्छ होतं. सप्टेंबरात स्कूटरची खूण टायरच्याही खाली गेली. लिफ्टवाला म्हणाला, महिनाभर असंच राहू द्या, मग चालू करतो. दिवाळीला आठ दिवस असताना मी सकाळी टॉर्च मारला. रिम. खड्ड्यातही पाणी.

त्या सकाळी फोन माझ्याकडून गेला. त्यांनी खूण पुन्हा एकदा विचारून घेतली. मग म्हणाले, "बाई येणार हाये वं भाऊबीजेले."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, काटोलची. ऐंशीच्या पुढची. एवढ्या वर्षांत एक भाऊबीज चुकली नव्हती. बसने एकटी यायची, हातात संत्र्यांची पिशवी. सपाट जमिनीवर अजून तुरुतुरु चालायची, पण पायरी चढणं नाही. "तिचे गुडघे माझ्याच कारखान्यातले," असं काकाजी म्हणायचे.

भाऊबीजेच्या दिवशी वॉचमनने गेटच्या आत खुर्ची टाकली. मोठी बाई खाली, काकाजी वर गॅलरीत, दोघांच्या कानाला फोन. एकमेकांकडे बघत दोघं फोनवर बोलत होते, आणि बाईंचा आवाज असा की फोनची गरज नव्हती.

"म्हाद्या, खाली ये!"

"लिफ्ट बंद हाये वं बाई."

"मंग उडी मार. लहानपणी विहिरीत मारत होता तशी."

सगळी इमारत गॅलऱ्यांत आली होती. बाईंनी ताट काढलं, निरांजन लावलं, आणि मान मागे टाकून चौथ्या मजल्याला ओवाळलं. ताट हवेत फिरत होतं आणि वर काकाजी हात जोडून, डोक्यावर टोपी घालून उभे होते. मग प्रश्न आला कुंकवाचा. बाईंनी पिशवीतून एक संत्रं काढलं, त्यावर बोटाने कुंकू लावलं, दोन अक्षता चिकटवल्या आणि वायरच्या पिशवीत ठेवलं. कप्पी फिरली, संत्रं वर गेलं. काकाजींनी ते कपाळाला टेकवलं. खाली येताना पिशवीत साडी आली.

निघताना बाई फोनवर म्हणाल्या, "पुढच्या साली पाटावर बसजो. मले हे आभाळाले ओवाळणं जमत नाही."

"बसतो."

"शपथ?"

"बसतो म्हटलं ना वं."

तेव्हापासून ती तारीख माझ्या यादीत वर गेली. पुढची भाऊबीज. त्याआधी खड्डा कोरडा.

फेब्रुवारीत भिंतीचं पांढरं कोटिंग पापडासारखं फुगलं. मार्चमध्ये त्याचे पोपडे पाण्यावर तरंगू लागले. मेमध्ये, म्हणजे नागपुरात आभाळातून थेंब पडायची शक्यता नसते तेव्हा, पाणी नटापर्यंत आलं. मी ठेकेदाराला बोलावलं. तो आला, भिंत पाहिली आणि शांतपणे आपल्या पिशवीतून माझंच इतिवृत्त काढलं. "ताई, तुम्ही लिहून दिलंय, पाणी येऊन साचून राहते. साचण्यावरचं काम मी केलं. भिंतीतून आत येतंय असं कुठे आहे?"

मी घरी येऊन रजिस्टर उघडलं. मुद्दा क्रमांक चार. अक्षर माझंच. आणि वर्षभर त्यांची बोली कानात बसल्यावर, ते वाक्य मला त्यांच्या आवाजात ऐकू आलं. पूर्वेच्या भिंतीतून पाणी येऊन राहिलं. भिंतीतून. येतंय. त्यांनी मूळ सांगितलं होतं. मी ते शुद्ध केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी रजिस्टर घेऊन वर गेले. दोन्ही वाक्यं वाचून दाखवली, त्यांचं आणि माझं. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काकाजी खिशातला टॉर्च काढून लावत होते, विझवत होते.

"एक वर्ष," ते म्हणाले.

मी रजिस्टर मिटलं.

"तुमच्या साताऱ्यात पाणी येत असलं तं काय म्हणते?"

"पाणी येतंय, म्हणतात."

"येतंय." त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं. "लहान हाये. मावलं असतं रजिस्टरात."

मी म्हणाले, दुरुस्ती करते. सभेपुढे मांडते.

"दुरुस्तीवर माझी सही घेजो. बोलणं माझं हाये. पण आता नाही. आधी खड्डा कोरडा कर, कोरड्यात सही करतो." त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचे थांबले. मी "बाई" झाले आणि "तू" झाले. शिक्षा म्हणून की जवळीक म्हणून, ते मला कळलं नाही. "आता लिही. मी सांगतो तसंच लिही. सुधरवू नको."

त्यांनी जे सांगितलं ते वहीतून निघालं होतं. नळ सकाळी पाच ते सात येतो, तेव्हा इमारतीची जमिनीखालची टाकी भरते. ही टाकी तळघराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून, बाहेरच्या बाजूला. माझ्या रकान्यांत स्कूटरची खूण ज्या दिवशी चढलेली होती, त्या दिवशी त्यांच्या वहीत नळ पूर्ण दोन तास आलेला होता. नळ न आलेल्या दिवशी खूण तिथेच. दोन याद्या शेजारी ठेवल्यावर एवढं मलाही दिसलं. पण सोसायटीला दाखवायला पुरावा हवा होता. त्यासाठी टाकीला एक दुपार हात लावायचा नाही. बारा ते चार पंप बंद, मे महिना, नागपूर.

मी घरोघर जाऊन सांगितलं की बाराच्या आत कूलर भरून घ्या. पंधरा जणांनी भरले. लालवानीजी विसरले. जरीपटक्यात त्यांचं कपड्यांचं दुकान, तिथून जेवायला आले तर कूलर कोरडा, गवताच्या जाळ्या वाळून खडखडीत. ते गॅलरीत येऊन वर बघत ओरडले, "काकाजी, देखो, मी मरून जाईन इथं!"

"मरून नका जाऊ," वरून उत्तर आलं. "चौघं लागतात. खाली न्याले लिफ्ट नाही."

चार वाजता मी टाकीत काठी घातली. बारा वाजता केलेल्या खुणेपासून पाणी चार बोटं उतरलं होतं. तळघरात स्कूटरपाशी बोटभर चढलं होतं. आमचंच प्यायचं पाणी आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात जात होतं. बाहेर काळी माती, उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत टाकीचा तळ आणि भिंत यांच्या सांध्याला चीर गेली असणार, असं काकाजी टाकी न बघता म्हणाले.

काम तसं सरळ होतं. टाकी रिकामी करायची, सांधा उघडून भरायचा, आतून लेप द्यायचा, वाळू द्यायचं. सहा दिवस टँकर, पुढे आठवडाभर काटकसर. पण सहा दिवस कोणते? उन्हाळ्यात कूलर. पावसाळ्यात लेप वाळत नाही. गणपतीत पाहुणे. पितृपक्षात काम सुरू करू नये. लालवानीजी प्रत्येक वेळी हात जोडून म्हणायचे, "मॅडम, मी नाही थोडीच म्हणून राहिलो. फक्त हा महिना जाऊ द्या." सगळ्यांची कारणं खरी होती. महिने जात होते. काकाजी रोज सहाला धुतलेला सदरा घालून बटण दाबत होते.

सप्टेंबरात त्यांनी मला सभेची सूचना लिहायला सांगितली. स्थळ : भोयर यांचं घर, चौथा मजला. सोळापैकी अकरा घरांतून लोक आले, चढून दमलेले. काकूंनी पाणी दिलं. सगळे बसल्यावर काकाजींनी दाराला कडी लावली, दारासमोर खुर्ची ओढली आणि तीवर बसले.

"ठराव होईपर्यंत बसू," ते म्हणाले.

पहिली दहा मिनिटं सगळे हसले. वीस मिनिटांनी मास्तरांना औषधाची वेळ आठवली. अर्ध्या तासाने लालवानीजी उठून उभे राहिले. "काकाजी, दुकान उघडायचं आहे. गिऱ्हाईक उभं असेल."

"मले बी जायचं होतं," काकाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सोळा महिने झाले. तुमाले अर्ध्या घंट्यात गुदमरून राहिलं?"

 खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली. लालवानीजी परत बसले आणि म्हणाले, "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी. लिखो मॅडम." मी लिहिलं, आणि त्यांच्या शब्दांत एकही काना बदलला नाही. काकाजींनी कडी काढली. ठरावाची प्रत या वेळी त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाली. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात खरोखरच चीर होती, करंगळी जाईल एवढी, पूर्ण लांबीभर. काकाजी गॅलरीतून फोनवर गवंड्याला सांगत होते. सांधा आधी खोल उघड, पोकळ लागते तिथवर. कोपरा गोल कर, काटकोन ठेवू नको, पाणी काटकोनात नख घालते. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नको. गवंडी वैतागून मला म्हणाला, "म्हातारबा खाली येत नाहीत ते बरं आहे." तिसऱ्या दिवशी तोच गवंडी कोपरा दाखवायला त्याचा फोटो घेऊन चार मजले चढून गेला आणि चहा पिऊन आला.

टाकी भरली. काठी घालून पूर्ण दिवस ठेवली. पाणी एक बोटही उतरलं नाही. तळघर उपसलं, भिंत आतूनही पुन्हा केली. माझ्या रकान्यात रिम, टायर, ओल आणि मग पहिल्यांदाच "कोरडं" असं आलं. लिफ्टच्या खड्ड्यातही कोरडं. मी लिफ्ट कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस दिवाळीच्या सुट्टीवर गावी गेला होता. चावी त्याच्याकडे. भाऊबीज झाल्यावर येणार.

हे सांगायला मी वर गेले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "लिफ्टवाला राहून राहिला. आपण कायले राहाचं? खुर्ची काढ."

"चौघांनी उचललेलं चालेल?"

"चौघं नाही. पाच जण पायजे. पाच जणांनी नेलं तं थे वेगळं."

उतरण्याची योजना त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे काढली. हातांची लाकडी खुर्ची, दोघे भाऊ पुढे, कारण उतरताना भार पुढे येतो. लालवानीजी आणि वॉचमन मागे. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकायची, पाच मिनिटं विश्रांती. पाचवं कोणी मिळेना. भाऊबीजेच्या सकाळी मी रजिस्टर काखेत धरून खुर्चीच्या पाठीला हात लावला, आणि संख्या पूर्ण झाली.

धुतलेला सदरा, टोपी, खिशात टॉर्च. खुर्ची मागे कललेली, त्यामुळे त्यांना जिना दिसत नव्हता, छत दिसत होतं. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकली की ते हात लांब करून लिफ्टचं बटण दाबायचे. तिसरा, दुसरा, पहिला. लालवानीजींचा सदरा घामाने चिकटला होता. ते म्हणाले, "काकाजी, बंद आहे ना ती!" काकाजी म्हणाले, "तिले समजू दे का मी तिच्याशिवाय उतरलो."

खाली मोठी बाई ताट घेऊन उभ्या होत्या. या वेळी त्या भाच्याच्या गाडीतून आल्या होत्या. काकाजींनी त्यांच्याकडे हात केला, पण खुर्चीवाल्यांना म्हणाले, "आधी तळघर."

"म्हाद्या!" बाई ओरडल्या. "दोन वर्षांनी खाली आला आन् मले सोडून भुयारात जातो?"

उताराला पायऱ्या नव्हत्या. काकूंचा हात धरून बाईही बडबडत मागून उतरल्या. खुर्ची पूर्वेच्या भिंतीशी, स्कूटरशेजारी टेकली. काकाजींनी टॉर्च काढला. तो आता पहिल्यांदा उपयोगाचा होता. तळापासून वर, कोपऱ्यात, सांध्याच्या रेषेवर सावकाश फिरवला. मग तळहात भिंतीला लावून ठेवला. आम्ही पाचही जण मागे उभे. भिंतीने काही बोलावं अशी वाट बघत असल्यासारखे.

"येऊन नाही राहिलं," ते म्हणाले. मग हात काढून, "राहून बी नाही राहिलं."

ओवाळणं तिथेच झालं. पाट आणला, पण खुब्यामुळे त्यांना खाली बसता येईना. ते खुर्चीतच बसले आणि पाय पाटावर ठेवले. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अर्धी शपथ पाळली."

"बाकीची अर्धी पुढच्या साली."

या वेळी कुंकू कपाळावर लागलं. थोडं बाईंच्या बोटातून नाकावरही सांडलं. त्यांनी पदराने पुसलं नाही, तसंच राहू दिलं.

पुन्हा पाच जणांना चार मजले चढवायला लावणं काकाजींना पटेना. "लिफ्ट चालू झाली की फोन करजो. लिफ्टनंच वर जातो. तोवर चार दिवस काटोलले." काकूंनी वर जाऊन दोघांच्या कपड्यांची पिशवी दोरीने खाली सोडली. मी रजिस्टर पुढे केलं. मुद्दा क्रमांक चारच्या समासात मी पेन्सिलीने दुरुस्ती लिहून ठेवली होती, त्यांच्याच शब्दांत. "काकाजी, खड्डा कोरडा आहे. सही?"

त्यांनी खिसे चाचपले. टॉर्च निघाला. "चष्मा वर राहिला. न वाचता एकदा सोडलं थे पुरे झालं. आल्यावर वाचून करतो."

गाडी गेटबाहेर पडली आणि दहा पावलांवर थांबली. मला वाटलं काही विसरलं. मागच्या खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं होतं, टोपी हातात. ते आमच्याकडे बघत नव्हते. मान मागे टाकून ते वर, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीकडे बघत होते. कप्पी, दोरी, वाळत घातलेला टॉवेल. "केवढं उंच हाये वं," ते बाईंना म्हणाले, आणि गाडी वळली.

लिफ्ट आठ दिवसांनी चालू झाली. मी फोन केला. "येऊन राहिलो," ते म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा केला. बाई सोडत नाही, म्हणाले, संत्र्याचा तोडा चालू हाये, आन् इथं घराले पायरी नाही. डिसेंबरात काकू कपडे न्यायला लिफ्टने वर आल्या, तेव्हा मीच विचारलं, "येऊन राहिले का राहून राहिले?" काकू हसल्या. "राहून राहिले."

फेब्रुवारीत काटोललाच त्यांना चौघांनी नेलं. मोठी बाई दारात उभी होती.

तळघर कोरडं आहे. काकू आता वर राहतात, लिफ्टने जा-ये करतात. स्कूटर तिथेच आहे, आणि रकान्यात मी रोज "कोरडं" लिहिते. एक पूर्ण पावसाळा जाऊ दे, मग खरं, असं ते म्हणाले होते. लालवानीजी म्हणतात, दुरुस्तीवर काकूंची सही चालेल, नियम बघून घ्या. मी नियम बघितला. चालते. तरी यादीत ती ओळ अजून तशीच आहे :

९ जून, मुद्दा क्र. ४. "पूर्वेच्या भिंतीतून पाणी येऊन राहिलं." श्री. भोयर यांना वाचून दाखवून सही घेणे. बाकी.